शेपूट फुटेपर्यंत

रुपालीला पू ओळखता येत नाही असं कुणी म्हणालं असतं, तर तिनं त्याला तिथल्या तिथं सोलून काढलं असतं. सोळा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलेली बाई ती. रक्त, लघवी, थुंकी, पाठीतलं पाणी, माणसाच्या अंगातून जे जे म्हणून बाहेर काढता येतं ते सगळं तिनं काचेवर पाहिलेलं. सोलापुरातल्या त्या हॉस्पिटलात नवा डॉक्टर आला की आधी लॅबमध्ये येऊन "रुपालीताई, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचा आणि मगच औषध लिहायचा. तिला ते आवडायचं. का नाही आवडणार?

तर त्या मंगळवारी सोलापूर नुसतं भाजत होतं. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री की पंचेचाळीस, कोण मोजत बसतंय! लॅबमधला कूलर खडखड करत होता, पण गार काही करत नव्हता, नुसते कागद उडवत होता. अकराच्या सुमाराला वॉर्डबॉयनं पाठीतल्या पाण्याची छोटी बाटली आणून टेबलावर ठेवली. रुपालीनं हातात घेतली तर बाटली गार.

"फ्रिजमध्ये ठेवली होतीस?"

"व्हय की. सकाळी सातला काढलंय पाणी. उनानं खराब हुईल म्हणून ठिवलं."

आता पाठीतलं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, हे रुपालीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण मे महिन्यातल्या सोलापुरात कुठलीही पातळ वस्तू फ्रिजबाहेर ठेवायला माणसाचा हात होत नाही. दूध, ताक, मोगऱ्याचा गजरा, सगळं आपसूक फ्रिजमध्ये जातं. हेही गेलं. तिनं पोराला एक शब्द सुनावला आणि कामाला लागली. बाटली परत पाठवायला हवी होती. तिनं पाठवली नाही.

कागदावर लिहिलं होतं: कुंडलिक, वय चोवीस. ताप, प्रचंड डोकेदुखी, मान ताठ, उलट्या, असंबद्ध बडबड. गाव डोंगरवाकीच्या शेजारचं. डोंगरवाकी म्हणजे सांगोल्याकडचं रुपालीचं माहेर. 'आपल्याकडचंच कुणीतरी लेकरू,' ती मनात म्हणाली आणि तिनं रेघा आखलेल्या मोजणीच्या काचेवर थेंब सोडला.

पेशीच पेशी. गोल, गपगार, खच्चून भरलेल्या. ती चौकोनामागून चौकोन मोजत गेली. एका चौकोनाच्या कडेला एक जरा मोठी पेशी होती. आकडा पुन्हा पडताळायला ती मागं आली, तर ती पेशी शेजारच्या चौकोनात. रुपाली थांबली. मग तिनं कूलरकडं बघितलं. हे मेलं वारं! थेंब हलला असणार. तिनं रिपोर्ट लिहिला, भरपूर पू-पेशी, मेंदूज्वराची शक्यता, आणि रिपोर्ट वर पाठवूनही दिला.

दुपारी डबा खाताना तिनं नेहमीप्रमाणं गावी फोन लावला. तिची लेक सृष्टी, वय वर्षं दहा, सुट्टी लागल्यापासून आजोळी होती. रुपालीचा नवरा अजिंक्य चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघंही दिवसभर बाहेर, मग जुळे सोलापूर या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोरीनं एकटीनं काय करायचं? म्हणून एक मे रोजी तिला मेंढरांत नेऊन सोडलं होतं. दोन अटींवर. रोज दुपारी फोन, आणि शेततळ्याच्या जवळ फिरकायचं नाही.

शेततळ्याची रुपालीला धास्तीच होती. खड्ड्याला निळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ, पाय घसरला की माणूस वर येत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात एक तरी पोर जातं. तिनं वडलांना, ज्ञानबा करेंना, बोट दाखवून बजावलं होतं, "आबा, पोरगी तळ्याकडं दिसली तर त्याच दिवशी घेऊन जाईन. पुन्हा पाठवणार नाही." आबांनी मान डोलावली होती. सत्तर वर्षांचा धनगर, शंभर मेंढरांचा धनी, कुणाच्या बापाला न भिणारा. पण नात परत जाईल म्हटल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

आणि सृष्टीचा रोजचा फोन म्हणजे काय, तर रडगाणं. "आई, इथं लेंड्यांचा वास येतो! आई, आज्जीच्या लुगड्याला मेंढीचा वास येतो! आई, दुधाला पण येतो!" रुपाली हसायची. धनगराची नात आणि नाकाला ओढणी लावून मेंढरांच्या वाड्याजवळ जाते. आबा तिला चिडवायचे, आजी मायाक्का तर रागवायची, "आमच्या लक्ष्मीचा वास हाय त्यो, नाक मुरडू नगं."

आज फोन आबांनीच उचलला. "झोपलीया पोर. उनाचं लई खेळली. दुकतंय म्हनं डोकं."

"टोपी घालत नसेल."

"घालतीया की. तू जेवलीस का?"

दोघं इकडचं तिकडचं बोलले आणि फोन ठेवला. रुपालीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्लाही, तिला काहीही वाटलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला त्या घासाची चीड येत राहिली.

दोन वाजता कल्लप्पामामांनी हाक मारली. कल्लप्पा लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, अक्कलकोटकडचे, निवृत्त होऊनही घरी न बसलेले. रुपालीला काच कशी धरायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. मराठी बोलता बोलता कानडीत घसरायचे आणि पोरीबाळींना 'यव्वा' म्हणायचे.

"यव्वा, हे कुंडलिकचं पाणी तू बघितलीस काय?"

"हो. पू आहे."

"पू हाय. मी रंग देऊन बघितला. दोन काचा बघितल्या, तीन बघितल्या. जंतू एक न्हाई. येवढा पू, आन् जंतू न्हाई? मग पू कशाचा?"

रुपाली जागीच उभी राहिली. तिला कूलर आठवला. त्या कडेच्या चौकोनातली ती मोठी पेशी आठवली. सांगावं की नाही असा एक क्षण आला, आणि तो क्षण आल्याचीच तिला लाज वाटली.

"मामा, एक पेशी सरकली होती. मला वाटलं वाऱ्यानं."

कल्लप्पांनी चष्मा काढला आणि बनियनला पुसला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "सगळ्या का न्हाई सरकल्या मग वाऱ्यानं?"

लॅबच्या डॉक्टर संस्कृती मॅडम वयानं रुपालीहून लहान, पण डोक्यानं तल्लख. त्यांनी ऐकलं, पाठीतल्या पाण्यातल्या साखरेचा घसरलेला आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी वर आयसीयूत फोन करून पाठीतलं पाणी पुन्हा मागवलं, आणि या वेळी फ्रिज नाही, बर्फ नाही, माणसाच्या हातात गरम गरम आलं पाहिजे म्हणून सांगितलं. ते आणायला कल्लप्पामामा स्वतः गेले. रुपालीला मॅडम म्हणाल्या, "ताई, त्याच्या नातेवाइकांना विचारून या. गेल्या आठ-दहा दिवसांत पोहला का? नाकात पाणी गेलं का?"

आयसीयूच्या बाहेर जमिनीवर एक तरुण गुडघ्यात मान घालून बसला होता. कुंडलिकचा थोरला भाऊ, प्रभु. त्यानं मान वर केली आणि तो उठूनच उभा राहिला.

"तुमी ज्ञानबा आबांच्या रुपाक्का न्हवं?"

रुपालीनं त्याला खाली बसवलं.

"हो. कुंडलिक पोहायला गेला होता का कुठं?"

"पवाय न्हवं. मेंढरं धुतली आमी. गुरवारी. तुमच्याच तळ्यावर."

पाऊस पडायच्या आत मेंढरं कातरायची असतात, आणि कातरायच्या आधी धुवायची असतात. मातीनं, काट्याकुट्यानं भरलेल्या लोकरीवर कातर चालत नाही. पूर्वी माण नदीवर हे काम चालायचं, वाहत्या पाण्यात. आता नदीत वाळूसुद्धा उरली नाही, मग पाणी कुठलं! आबांच्या तळ्यात कंबरभर होतं. त्यांनीच निरोप धाडला होता, आणा तुमची बी मेंढरं, संगंच धुऊ.

"लई गरम पानी हुतं, आक्का," प्रभु म्हणाला. "आंगुळीला तापवल्यागत. खालचा सगळा गाळ वर आला. कुंडल्याचं तुमास्नी ठावं हाय, मेंढरू बुडवताना सोता बी बुडतोय. नाकातोंडात पानी गेल्याबिगर मेंढरू धुतल्यागत वाटत न्हाय म्हनतोय. बरा हुईल न्हवं त्यो?"

"डॉक्टर बघतायत," रुपाली म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणखी कोण कोण होतं पाण्यात?"

"मी, कुंडल्या. आबा काठावनं मेंढरं ढकलत हुते."

"आणि पोरंटोरं?"

प्रभुनं नजर वळवली. "मी मेंढरं आनाय जात-येत हुतो, आक्का. मला काय म्हाईत न्हाय."

ती जिन्यातच थांबली आणि तिनं आबांना फोन लावला. तिनं आवाज साधा ठेवला. उगीच म्हाताऱ्याला घाबरवायचं कशाला, अजून कशात काही नाही. हा तिचा शहाणपणा! "आबा, गुरुवारी मेंढरं धुतली म्हणे. सृष्टी पाण्यात नव्हती ना उतरली?"

पलीकडं एक मेंढी ओरडली.

"न्हाय गं. काठावं बसली हुती. कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. सहजच विचारलं."

"मी काय येडा हाय व्हय, पोरीला पान्यात सोडाय?"

माझी आण घ्या, हे शब्द तिच्या जिभेपर्यंत आले होते. तिनं ते गिळले. तिला विश्वास ठेवायचा होता, आणि माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो पुढचं विचारत नाही. काठावर होती. बसली होती. बास. तिला इतकं हलकं वाटलं की पायऱ्या उतरताना तिनं कठड्याला धरलं.

खाली कल्लप्पामामा आले तेच मूठ छातीशी धरून, पाखराचं पिल्लू आणावं तसे. मूठ उघडली तर आत बाटली, त्यांच्या घामानं ओली आणि उबदार. त्यांनी कूलर बंद केला. पंखाही बंद केला. काच तळहातावर घासून कोमट केली, थेंब सोडला आणि रुपालीला म्हणाले, "बस. तूच बघ."

तिनं डोळा लावला. गोल पेशी होत्या, त्या गप्प पडून होत्या, तो खरा पू. पण त्यांच्यामधून काहीतरी चाललं होतं. एक बिनआकाराचा ठिपका पुढून फुगायचा, एक पाय बाहेर काढायचा आणि मग सगळा त्या पायात ओतला जायचा. पुन्हा पाय. पुन्हा ओतणं. घाई नव्हती त्याला. एक नव्हता, बारा-पंधरा होते. सकाळी गारठून गोल झालेले हेच तिनं मोजले होते, आणि वर पू म्हणून सही केली होती.

"अगं आई गं," ती म्हणाली.

संस्कृती मॅडमनी बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "अमीबा. पण खात्री करायला हवी, कारण पांढऱ्या पेशीसुद्धा कधी कधी अशा सरकतात. ह्याची एक खोड आहे. गरम, साचलेल्या पाण्यात राहतो. अंगात, म्हणजे खारट पाण्यात असतो तोवर असाच रांगतो. पण साध्या, मीठ नसलेल्या पाण्यात टाकला की त्याला कळतं, इथं खायला काही नाही, इथून निघायला हवं. मग तासा-दोन तासांत तो अंग आवळून घेतो आणि त्याला शेपट्या फुटतात. दोन. रांगणारं पोहायला लागतं."

"आणि पांढरी पेशी?"

"ती साध्या पाण्यात फुटून मरते. माणसाच्या अंगातल्या कुठल्याच पेशीला अशी दोन शेपटं नवी फुटत नाहीत, ताई. शेपूट दिसलं की संशय संपला."

त्यांनी एक थेंब डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडला आणि नळी अंगाच्या उष्णतेवर ठेवली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तो मेंदूत जातो कसा?" रुपालीनं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं असं नाही, कधीतरी वाचलं होतं. पण कुणीतरी मोठ्यानं बोलावं असं तिला वाटत होतं.

"नाकातून. पाणी जोरात नाकात शिरलं की हा वर चिकटतो, आणि वास घ्यायची जी नस असते ना, तिच्या वाटेनं मेंदूकडं रांगत जातो. पाणी प्यायलं तर काही होत नाही. वास घ्यायच्या नसेला आधी खातो, म्हणून काही जणांचा आधी वास जातो. मग डोकं, मग ताप. ताप आल्यावर फार दिवस मिळत नाहीत." मॅडम फोनवर नंबर शोधत होत्या. "बुरशीवरचं इंजेक्शन आपल्याकडं आहे, ते लगेच सुरू करायला सांगते. दुसरी गोळी काळ्या आजारावरची, ती पुण्याहून मागवावी लागेल. जगलेले आहेत काही. थोडे आहेत, पण जे जगले ते लवकर कळलं म्हणून." त्या उठल्या आणि फोन कानाला लावून वर गेल्या.

लवकर कळलं म्हणून. रुपालीनं घड्याळाकडं बघितलं. सकाळी अकराला तिला कळू शकलं असतं. कुंडलिकचे चार तास तिनं वाऱ्यावर घालवले होते.

वाट बघणं सुरू झालं. दर दहा मिनिटांनी कल्लप्पामामा नळीतला एक थेंब काचेवर घ्यायचे, बघायचे आणि मान हलवायचे. साडेतीन झाले, न्हाई. पावणेचार झाले, न्हाई. कूलर बंद, खोली भट्टीसारखी तापलेली, आणि दोघांच्या कपाळावरून घाम टेबलावर टपटपत होता.

"आठवतंय काय यव्वा," मामा डोळा न काढता म्हणाले, "पयल्या वर्षी तुला कंबर तलावाचं पाणी आणून दाखवलो होतो? तू ओरडलीस, मामा, ह्याला शेपूट हाय!"

तिला आठवत होतं. तेव्हा त्यांनी तिला शेपटं वाचायला शिकवलं होतं. जंतूचं शेपूट मोटारीच्या पंख्यागत गरागरा फिरतं आणि त्याला पुढं रेटतं. पुरुषाच्या बीजाचं शेपूट मागून चाबकासारखं वळवळतं. काहींची पुढं असतात, ते पाणी कवटाळत, ओढत जातात. 'ज्याला कुठं जायाचं असतंय त्यालाच शेपूट फुटतंय,' असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि वीस-बावीस वर्षांच्या रुपालीला ते फार गंमतीचं वाटलं होतं. सृष्टी पोटात असताना तर ती हेच वाक्य अजिंक्यला सांगून हसली होती.

आता तिला ती नळी फोडून टाकावीशी वाटत होती. फुटू नये. शेपूट फुटू नये, देवा. साधा पू असू दे, माझी सकाळची चूक चूक नसू दे. आणि मग तिचं मन हळूच म्हणायचं, पण सृष्टी तर काठावर होती, तुला काय! आणि तिला पुन्हा लाज वाटायची. कारण वर एक चोवीस वर्षांचं पोर यंत्रावर श्वास घेत होतं.

साडेचारला फोन वाजला. आईचा होता, मायाक्काचा. ही बाई आपण होऊन कधी फोन करत नसे.

"रुपे, कामात हायस का?"

"बोल की आये."

"काय न्हाय गं. पोर उटली झोपंतनं, तुज्याशी बोलायचं म्हनतीया. आंग जरा कोंबाट लागतंय, उनाचं हाय. कांदा ठिवलाय उशाला." मग मायाक्काच्या आवाजात हसू आलं. "आन् एक सांगू का? तुजी लेक आता धनगराची शोबली बग. कालधरनं वाड्यात जाऊन बसतीया कोकरं घिऊन. नाकाला वडनी न्हाय, काय न्हाय. म्या म्हटलं, आगं आता वास येत न्हाय व्हय? तर म्हनती, न्हाय आज्जी, आता कायबी वास येत न्हाय. झाली सवं. रगात कुटं जातंय!"

रुपाली खुर्चीवरून उठली. का उठली, कुठं जायचं होतं, काही नाही. उठली.

"आये. पोरीला फोन दे."

"देती की. आगं, झालं काय?"

"दे म्हणते ना!"

सृष्टीचा आवाज झोपाळलेला होता. "आई, डोकं दुखतंय गं."

"हो राजा. आज्जीनं उशाला कांदा ठेवलाय ना? तो घे. हुंगून बघ."

"कशाला?"

"माझं ऐक. नाकाला लाव आणि जोरात हुंग."

पलीकडून हुंगल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा.

"काय येतंय?"

"काही नाही."

"नीट हुंग, बाळा."

"अगं हुंगला की! डोळ्यांत पाणी पण आलं. वास नाही आला."

रुपालीनं टेबलाची कड धरली. समोर मामा मायक्रोस्कोपवर वाकलेले होते, त्यांची पाठ घामानं भिजलेली होती. तिला स्वतःचा आवाज लांबून, दुसऱ्या कुणाचा तरी येत असल्यासारखा ऐकू आला.

"सृष्टी, तू गुरुवारी तळ्यात उतरली होतीस?"

पलीकडं कांद्याचं साल सोलल्याचा कुरकुर आवाज आला.

"मी रागावणार नाही. खरं सांग."

"आज्जानं सांगू नको म्हटलंय. तू मला घेऊन जाशील म्हणून."

"नाही नेणार रागानं. सांग."

मग पोरीचा आवाज जरा उजळला. "आई, मला तुला सुट्टी संपल्यावर दाखवायचं होतं. मी पोहायला शिकले! तू सांगितलं होतंस तशीच. मेंढीच्या लोकरीला धरून."

रुपालीनं डोळे मिटले. ती गोष्ट तिचीच होती. जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, तिनं शंभर वेळा सांगितलेली. ती आठ वर्षांची होती, माणला पाणी होतं, आबांनी मेंढरं धुवायला घातली होती आणि एका काळ्या मेंढीच्या पाठीची लोकर दोन्ही मुठींत धरून ती अख्खी नदी पार गेली होती. धनगरांची पोरं अशीच पोहायला शिकतात. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पण रुपालीनं मेंढी सोडली नाही. काठावर आबांनी तिला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. सृष्टी दर वेळी विचारायची, "मग सोडलं नाहीस तू?" आणि रुपाली मोठ्या ऐटीत म्हणायची, "छट्!"

"एक अख्खी फेरी मारली, आई. मेंढी बुडली की मी पण बुडत होते. आज्जा ओरडत होता, सोड, सोड. माझ्या नाकात किती पाणी गेलं माहितीये? डोक्यात गेल्यासारखं झणझणलं. पण मी सोडलं नाही. तू पण नव्हतं सोडलंस ना?"

"यव्वा," कल्लप्पामामा हळूच म्हणाले. त्यांनी डोळा काढला नव्हता, एक हात मात्र मागं करून ते तिला बोलावत होते. "नोडु. बघ. पळायला लागलं."

ती फोन कानाला धरूनच वाकली. उजेडाच्या त्या गोल तुकड्यात, मघाशी रांगत होतं तिथं आता एक लांबट दाणा होता, आणि त्याच्या तोंडाशी केसाइतक्या बारीक दोन शेपट्या. त्या पाणी मागं सारत होत्या. दाणा स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ पुढं निघाला, उजेडाची कड ओलांडून दिसेनासा झाला. त्याच्या मागून दुसरा आला.

"आई? आहेस ना? नव्हतं सोडलंस ना तू?"

"नव्हतं सोडलं," रुपाली म्हणाली. "गुणाची माझी. आता आज्जाला फोन दे."